ठकूचं सीमोल्लंघन

अडीच वर्षांच्या पोरीला घेऊन परदेशी फिरायला जाणं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. त्यात आम्ही आधीच परदेशात राहणारे. म्हणजे परदेशातून परदेशात!

तर झालं असं की, २०२४ च्या जूनमध्ये आम्ही तिघं तीन रात्रींसाठी व्हँकुव्हरला गेलो. सिअ‍ॅटलपासून साधारण २३० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ते पुणे, थोडं इकडे तिकडे. इथं आल्यापासून 'एकदा जाऊन येऊ' म्हणत होतो. आधी नवी नोकरी, मग करोना, मग ठकू. (तिचं खरं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण घरात ती ठकूच.) शेवटी एकदा ठरलं आणि मी याद्या करायला बसले.

ठकूची यादी : डायपर, ओले रुमाल, मऊ भाताचा थर्मास, दशम्या, तुपाची छोटी बाटली, चार पुस्तकं, बादली-फावडं आणि तिचं दुपटं. हे दुपटं माझ्या आईनं स्वतःच्या जुन्या सुती साड्यांचं शिवलंय. त्याचं एक टोक गालाला लागल्याशिवाय बाईसाहेबांना झोप येत नाही.

आमची यादी : कागद. दोघांचे भारतीय पासपोर्ट, त्यात कॅनडाचा व्हिजा (त्यासाठी आधी बोटांचे ठसे देऊन आलो होतो), नोकरीच्या मंजुरीचे कागद, आय-९४ च्या छापील प्रती, पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र. सगळं एका जाड निळ्या फायलीत. आणि ठकूचा अमेरिकन पासपोर्ट. खरं तर तिला तोही लागत नव्हता. सोळा वर्षांखालच्या अमेरिकन नागरिकाला रस्त्यानं ये-जा करायला नुसता जन्मदाखला पुरतो. आमच्या फायलीचं वजन ठकूच्या दुपट्यापेक्षा जास्त भरलं असतं!

त्यात एक गोम होती. नवऱ्याच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिजा संपलेला होता. राहायची आणि काम करायची मंजुरी चालू, पण पासपोर्टवरचा शिक्का जुना. मी आदल्या वर्षी भावाच्या लग्नाला गेले तेव्हा माझा नवा करून आणला होता. त्याला रजा मिळाली नाही, त्यामुळे त्याचा राहिला. आता अमेरिकेत एक नियम आहे, 'ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन'. तीस दिवसांच्या आत कॅनडाहून परत येत असाल, आय-९४ ची मुदत शिल्लक असेल आणि तिकडे नवीन व्हिजाचा अर्ज केला नसेल, तर जुन्या शिक्क्यावर परत घेतात. नियम जुना आहे, चालतो आहे, ऑफिसातली दोघं-तिघं तसं करूनही आली होती. नवऱ्यानं नियमाची प्रत छापून फायलीत सगळ्यात वर लावली.

'एवढं करून जायलाच पाहिजे का?' मी विचारलं.

'नियम आहे ना. मग?'

माझं काही 'मग' नव्हतं. पोटात मात्र काहीतरी हललं होतं ते हललंच.

मला सीमेचं हे असं आधीपासूनच आहे. माझं आजोळ निपाणी. लहानपणी सुट्टी लागली की कोल्हापूरच्या स्टँडवरून एसटीत बसायचं. कागल मागं पडलं, कोगनोळी आली की आई म्हणायची, 'आता कर्नाटक लागलं बघ.' मी खिडकीतून डोकं बाहेर काढून रेघ शोधायची. नकाशात होती ना ती, तुटक तुटक! रस्त्यावर मात्र काहीच नसायचं. तोच ऊस, तशाच म्हशी. पाट्यांवरची अक्षरं तेवढी गोल गोल व्हायची. निपाणीत उतरलं की पुन्हा सगळे मराठीच बोलायचे. माझ्या दृष्टीनं सीमा म्हणजे मोठ्यांची काहीतरी थाप होती.

आजोबांच्या दृष्टीनं नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्यांचं घर जागचं तसूभरही न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. दर १ नोव्हेंबरला ते दंडाला काळी फीत बांधायचे. एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी ती फीत बघितली आणि 'आजोबा, लागलं का तुम्हाला?' म्हणून विचारलं. ते हसले आणि 'व्हय, जरा लागलंय' म्हणाले. मी फुंकर घातली होती, एवढं आठवतं.

असो. कुठून कुठं गेले!

अमेरिकेच्या बाजूचं शेवटचं गाव ब्लेन. तिथं सीमेवर भलीमोठी पांढरी कमान आहे, पीस आर्च. १९२१ साली बांधलेली. दोन्ही देशांची मिळून एक बाग आहे आणि कमान बरोबर मध्यावर. अमेरिकेच्या बाजूनं कमानीवर लिहिलंय, 'एकाच आईची लेकरं'. कॅनडाच्या बाजूनं लिहिलंय, 'एकोप्यानं राहणारे बंधू'. कमानीच्या आत लोखंडी दारं आहेत, ती कायम उघडी, आणि वर अक्षरं कोरलीत की ही दारं कधीच बंद न होवोत. २०२० मध्ये करोनानं ती इच्छाही पुरती राहू दिली नाही. बिनमहत्त्वाची ये-जा दीड वर्षाच्या आसपास बंद होती आणि ताटातूट झालेली कितीतरी जोडपी, आईबाप-मुलं याच बागेत येऊन भेटत होती.

ठकूला डायपर बदलायचं होतं आणि मोकळं पळायचं होतं, म्हणून रांगेत लागायच्या आधी आम्ही बागेत थांबलो. तेव्हा बागेतल्या बागेत या देशातून त्या देशात पासपोर्टाशिवाय हिंडता यायचं, फक्त ज्या बाजूनं आलात त्या बाजूनं परत जायचं. मी ठकूला म्हटलं, 'ठकू, ही अमेरिका. आणि ते तिकडे कॅनडा.'

तिनं खाली बघितलं. 'रेघ कुठाय?'

मला एकदम कोगनोळीच दिसली. 'नाहीये रेघ. गवतच आहे.'

'गवतच आहे,' ती म्हणाली आणि पळत सुटली. कॅनडात गेली, परत अमेरिकेत आली, पुन्हा कॅनडात. तिच्यामागे तिचा बाबा, हातात तिचा एक बूट. आपल्याकडे दसऱ्याला वर्षातून एकदा सीमोल्लंघन करतात, आमच्या कन्येनं पाच मिनिटांत वर्षानुवर्षांचं करून घेतलं :)

जाताना काही झालं नाही. खिडकीतल्या बाईंनी कुठे राहता, किती दिवस, बरोबर काय आहे, एवढं विचारलं, मागच्या सीटवर डोकावून ठकूला हात केला आणि सोडलं. पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर आले. नवरा म्हणाला, 'चला, निदान अंतरं तरी आपली झाली.'

लहान मूल बरोबर असताना शहर बघायची एक वेगळीच पद्धत असते. आपण बघायचं ठरवलेलं काहीच बघून होत नाही आणि जे बघायला कुणी जात नाही ते चार चारदा बघून होतं. आमची यादी सुबक होती. ठकूनं ती पहिल्या तासात निकालात काढली.

तिला सगळ्यात आवडली स्कायट्रेन. या गाडीला ड्रायव्हर नसतो. १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास ती सुरू झाली तेव्हापासून ती आपली आपणच चालते. सगळ्यात पुढच्या काचेजवळ जागा मिळाली की रूळ थेट आपल्या पायाखाली येतात. ठकूनं दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग धरलं आणि गाडी चालवली. आम्हाला जायचं होतं दोन स्टेशनं, गेलो शेवटापर्यंत आणि तसेच परत. एका आजोबांनी उतरताना तिला गंभीरपणे 'थँक यू, ड्रायव्हर' म्हटलं. तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान असावा.

मग गॅसटाऊनमधलं वाफेवरचं घड्याळ. दिसतं शंभर-सव्वाशे वर्षांचं, पण आहे १९७७ सालचं. दर पंधरा मिनिटांनी त्यातून वाफ येते आणि शिट्ट्या वाजतात. लोक कॅमेरे रोखून, श्वास रोखून उभे. घड्याळानं शिट्टी दिली आणि आमच्या कडेवरून आवाज आला, 'कुकर!!' शेजारची एक बाई खुदकन हसली, मराठी होती की काय कोण जाणे. ठकूनं मला बजावलं, 'आई, तीन शिट्ट्या. गॅस बंद कर.' आता जिथं तिथं घड्याळ दिसलं की ती वरण झालं का विचारते.

ग्रॅनव्हिल आयलंडला जायला फॉल्स क्रीकमधून अगदी चिमुकल्या बोटी आहेत, अंघोळीच्या टबातल्या खेळण्यांसारख्या. तिथल्या बाजारात मी चेरी घेतल्या, तिनं त्या स्वतःच्या फ्रॉकवर घेतल्या. स्टॅन्ली पार्कला समुद्राच्या कडेकडेनं स्ट्रोलर ढकलत गेलो. ती झोपली, आम्ही दोघं पाऊण तास चक्क गप्पा मारत चाललो. लग्नानंतरची आठवण झाली!

आणि ती तोफ. स्टॅन्ली पार्कच्या टोकाला एक जुनी तोफ आहे, रोज रात्री बरोबर नऊ वाजता उडते. आम्हाला हे माहीत नव्हतं. जूनमध्ये तिकडे नऊला लख्ख उजेड असतो. पडदे ओढून, दुपटं गालाला लावून, अंगाईचा सगळा साठा संपवून मी तिला आठ पंचावन्नला झोपवली. दबक्या पावलांनी दारापर्यंत गेले आणि... धाड! ठकू ताडकन उठून बसली. 'दिवाळी?' पुढचे दोन तास दिवाळीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोल हार्बरच्या कडेनं चाललो होतो. समोर पाणी, पाण्यावर उतरणारी छोटी विमानं. ठकूला 'भुर्र' दाखवत असताना नवरा एका स्मारकापाशी थांबला. कोमागाता मारूचं स्मारक. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं नाव.

२३ मे १९१४ ला हे जहाज याच खाडीत येऊन उभं राहिलं. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबमधले शीख. हिंदुस्थान ब्रिटिशांच्या राज्यात, कॅनडाही ब्रिटिशांच्याच साम्राज्यात, म्हणजे सगळी एकाच राजाची प्रजा. पण कॅनडानं १९०८ मध्ये नियम केला होता की स्वतःच्या देशातून न थांबता, सरळ एका प्रवासात येणाऱ्यालाच आत घेऊ. हिंदुस्थानातून तसं येणं तेव्हा जवळपास अशक्यच होतं. नियमात हिंदुस्थान्यांचं नावसुद्धा नव्हतं. पूर्वी कॅनडात राहून गेलेल्या वीसेक जणांना उतरू दिलं, बाकीचे दोन महिने जहाजावरच. अन्नाचे, पाण्याचे हाल. समोर शहर दिसतंय आणि पाय टेकता येत नाही. २३ जुलैला त्यांना परत लावलं. कलकत्त्याजवळ बजबज बंदरात पोचल्यावर गोळीबार झाला, त्यातले कितीतरी गेले. २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

जहाज भाड्यानं घेणारे गुरदित सिंग यांचा लहान मुलगा त्यांच्याबरोबर जहाजावर होता. जुन्या फोटोत तो वडिलांजवळ उभा दिसतो. मी तिथं उभी राहून भलताच विचार करत होते. दोन महिने त्या पोराला काय सांगितलं असेल? 'कधी उतरायचं?' असं दिवसातून कितीदा विचारलं असेल त्यानं? आमची ठकू लाल सिग्नलला विचारते.

आणखी एक गोष्ट रात्री हॉटेलात आठवली. पीस आर्चच्या आत कोरलंय, '१८१४, शंभर वर्षं खुलं, १९१४'. त्याच वर्षी, तिथून पन्नासेक किलोमीटरवर. कोरणाऱ्यांच्या मनात दोन्ही असतील असं वाटत नाही.

आमची तुलना त्या लोकांशी करायचा मूर्खपणा मी करणार नाही. आम्ही चेरी खाऊन आलेली, हॉटेलात राहिलेली माणसं. तरी त्या रात्री ठकू झोपल्यावर (तोफेनंतर, आता शहाणपण आलं होतं) नवरा हळूच म्हणाला, 'समजा उद्या मला थांबवलं, तर तू हिला घेऊन पुढे जा.'

'कुठं पुढे?'

'घरी. तुझा व्हिजा आहे. कार तू ने. मी इथून बघतो काय करायचं ते.'

'मला फ्रीवेवर तीन तास चालवता येणार नाही.'

'येईल.'

यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. हे त्यानं आज ठरवलेलं नव्हतं, घरून निघतानाच ठरवलं होतं, ते मला त्या 'येईल'मध्ये कळलं. अंधारात मी हिशेब मांडत होते. त्याला मुदतीचा कागद, मला मुदतीचा कागद. आमच्या तिघांत त्या घरी परत जायचा पक्का हक्क असलेली एकटी ठकू आणि तिला कार सीटचा पट्टाही सोडवता येत नाही.

परत येताना पीस आर्चला रांग लांबलचक होती. ठकूनं उरलेल्या सगळ्या दशम्या संपवल्या. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट चाळले, नवऱ्याचा दोनदा चाळला आणि शांतपणे सांगितलं की गाडी बाजूला लावून आत जा. आवाजात काहीच वाईट नव्हतं. माझे हात मात्र गार पडले.

आत मोठी खोली, खुर्च्यांच्या रांगा, समोर काउंटर. आमच्यासारख्या फायली मांडीवर घेऊन बसलेली माणसं. कुणी कुणाकडे बघत नाही. फोन वापरायचा नाही, त्यामुळे गाण्यांची सोय नाही. एक पुस्तक सात वेळा वाचून झालं. मग ठकू मांडीवरून घसरली आणि एकदम ओरडली,

'आई! रेघ!'

काउंटरच्या पुढे जमिनीवर पिवळी पट्टी होती. बोलावेपर्यंत हिच्या मागे थांबा, अशी. ठकू पळत गेली, पट्टीवर दोन्ही पाय जोडून उभी राहिली, आमच्याकडे बघून हसली आणि टुणकन पलीकडे उडी मारली. पुन्हा अलीकडे. पुन्हा पलीकडे. चार दिवस जी शोधत होती ती सापडली होती! मी अर्धवट उठले आणि तशीच अडकले. तिला आणायला मला पट्टी ओलांडायला हवी होती आणि मला कुणी बोलावलं नव्हतं.

'ठकू, इकडे ये,' मी दबक्या आवाजात म्हटलं.

'तू ये ना!'

काउंटरवरच्या माणसानं मान वर केली. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली, या, घेऊन जा. मी दोन पावलं पुढे टाकून तिला उचललं आणि मागे आले. एवढंच. पण आयुष्यात दोन पावलं मला कधी इतकी लांब वाटली नव्हती.

नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. त्यानं फाईल उघडली, वरचा छापलेला नियम पुढे केला. अधिकाऱ्यानं तो बाजूला ठेवला, पासपोर्ट आणि आय-९४ घेतला आणि आतल्या दारानं गेला. किती वेळ गेला मी सांगू शकत नाही. ठकू दुपट्याचं टोक गालाला लावून माझ्या खांद्यावर झोपली होती. तिचा घाम माझ्या मानेला लागत होता. मी मनात फ्रीवेचे एक्झिट आठवत होते, कुठून वळायचं, कुठल्या लेनमध्ये राहायचं. खरंच आठवत होते.

तो परत आला. एक शिक्का मारला. तिन्ही पासपोर्ट एकावर एक ठेवून पुढे सरकवले, ठकूचा सगळ्यात वर. दोन देशांचे, पण दोन्ही निळेच. झोपलेल्या ठकूकडे बघून तो म्हणाला, 'वेलकम होम.'

कुणाला म्हणाला, ते मी विचारलं नाही. हुश्श!

गाडीत बसल्यावर पहिले वीस मैल कुणी काही बोललं नाही. मग नवरा म्हणाला, 'चालव की जरा. फ्रीवेची सवय होईल.' मी त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्या एक्झिटला आम्ही खरंच जागा बदलल्या. घरापर्यंत मी चालवलं.

घरी आलो तेव्हा कोल्हापुरात सकाळ झालेली. आईचा फोन आलाच. 'पोचलासा का घरात?'

'पोचलो.' म्हटलं आणि जरा थांबले. आईच्या तोंडी आत्तापर्यंत 'घरी कधी येणार?' म्हणजे कोल्हापूर असायचं. आज तिनं इथल्याला घर म्हटलं होतं. तिला ते जाणवलं की नाही माहीत नाही. बरं वाटलं की वाईट, तेही अजून नीटसं ठरलेलं नाही. तिनं पुढं विचारलं, 'दुपटं आणलंसा न्हवं परत?'

आता गेले काही दिवस आमच्याकडे नवा खेळ चालू आहे. ठकू स्वयंपाकघराच्या दारात बादली उलटी टाकून बसते. आत जायचं तर तिच्या पुढ्यात उभं राहायचं. 'पास्पोट?' नवरा खिशातून जे हाताला येईल ते देतो, दुकानाची पावती, बसचं तिकीट, काल तर केळ्याचं साल दिलं. ती ते उलटं धरते, फार वेळ वाचते, भुवया चढवते. आपण नुसतं उभं राहायचं, हसायचं नाही, हसलं की ती रागावते.

मग कागद परत देते आणि म्हणते, 'जा. वरण झालंय.'

अजून तरी तिनं कुणाला अडवलेलं नाही.